डॉ. पूनम मॅडम

पूनमनं तिसऱ्यांदा डॉक्टरांना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

उपकेंद्रातल्या खाटेवर मेंढपाळ बिरुदेव पडला होता. सकाळी उसाच्या बांधावर नाग चावला. आता पापण्या उघडत नव्हत्या, तोंडातून लाळ गळत होती. सापावरची लस पलीकडे फ्रिजमध्येच होती.

"द्या की सुई," त्याची बायको मायाक्का म्हणाली. "धोंडप्पाला दिली व्हती तशी."

"मी डॉक्टर नाही, मायाक्का. त्यांनी हो म्हणायला लागतं."

भिंतीवर नव्या कायद्याची यादी चिकटवलेली. डॉक्टरच्या सहायकानं आपल्या अखत्यारीत काय द्यायचं, काय नाही. तापाची गोळी चालते. सापाची लस हुकमाशिवाय चालत नाही. नागाला ही यादी कुणी वाचून दाखवली नव्हती, एवढंच.

गेल्या वर्षी बिरुदेवाच्या भावाला, धोंडप्पाला, साप चावला तेव्हा तिनं न विचारता लस दिली आणि तो वाचला. कुणाला कळलंही नसतं. पण ह्याच बिरुदेवानं आनंदाच्या भरात चौकात भला मोठा फ्लेक्स लावला, तिच्या फोटोसकट: 'डॉ. पूनम मॅडम यांनी सुई देऊन जीव वाचवला. हार्दिक अभिनंदन!' तो तालुक्याच्या साहेबांनी पाहिला. आठ दिवसांत नोटीस. पुन्हा असं केलं तर नोकरी जाईल, गुन्हाही दाखल होईल. बिरुदेवाला तिनं हे कधी सांगितलं नाही. भोळा माणूस, जिवाला लावून घेतलं असतं.

चौथा फोन. पाचवा. माळशिरसहून निघालेल्या ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता.

बिरुदेवाचा श्वास अडखळला.

"जाऊ दे मेली नोकरी!" पूनम ओरडली आणि तिनं फ्रिज उघडला. लसीच्या बाटलीत पाणी सोडून ती तळहातात घोळवत राहिली. भुकटी लवकर विरघळेना. शीर सापडली तेव्हा छाती हलायची थांबली होती. ती दाबत राहिली, दाबतच राहिली.

मग फोन वाजला.

"मीटिंगमध्ये होतो. लस द्या, माझं नाव लिहा."

"बरं, सर," पूनम म्हणाली.

टेंपोत त्याला ज्यावर निजवून आणलं होतं, तोच फ्लेक्स मायाक्कानं आत आणला. मयत उन्हातून न्यायचं, अंगावर काहीतरी हवं. घडी उलगडली, तशी पूनमला स्वतःचा हसरा चेहरा दिसला.

"लई जपला व्हता त्यांनी," मायाक्का म्हणाली. "पावसातबी मेंढरांवर घालू देत न्हवते. तेवढं त्या बाजूनं धरा, डॉक्टरीणबाई."

पूनमनं दुसरं टोक धरलं.