रविवारचं पाणी

सहा आठवड्यांची सर्दी त्या सकाळी एकदाची सुटली, आणि प्रयोगशाळेत पाय ठेवताच तिला वास आला. पोहण्याच्या तलावावर येतो तसा, घशाला लागणारा. तिने टाक्यांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

जस्ताच्या कारखान्यासाठी टिकाऊ पत्रा निवडायचं काम पाच महिने तिच्या मानगुटीवर बसलं होतं. टायटॅनियमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचे बारा थर, प्रत्येक थर ब्रशने लावून भट्टीत भाजायचा. मग पत्रा आम्लात बुडवून वीज सोडायची, पत्र्यावर ऑक्सिजन सुटू द्यायचा आणि लेप कधी मरतो ते बघत बसायचं. एका टाकीत महागडा इरिडियमचा लेप, दुसरीत स्वस्तातला रुथेनियमचा. स्वस्त लेप ऑक्सिजनच्या माऱ्यापुढे पंधरवड्यात नांगी टाकतो म्हणतात. इथे पठ्ठ्या सहा आठवडे ठणठणीत होता. साहेब खूश होते. चार वाजता तिची सही झाली की दोनशे पत्र्यांची ऑर्डर जाणार होती.

पण ऑक्सिजनला वास नसतो. हा क्लोरीन होता. म्हणजे आम्लात मीठ गेलं होतं, ऑक्सिजनऐवजी क्लोरीनच सुटत होता, आणि लेपाला खरं कष्टाचं काम पडलंच नव्हतं.

"मामा, रविवारी टाकीत आटलेल्या पाण्याच्या जागी पाणी कुठलं घालता?" तिने विचारलं. म्हाताऱ्या तंत्रज्ञाला सगळे मामाच म्हणत; उभा जन्म आम्लाच्या वाफेत गेल्याने त्यांना वास येत नसे.

"मागच्या नळाचं. शुद्ध पाण्याचं यंत्र रविवारी बंद असतं ना."

मागच्या नळाला पाणी मऊ करायचं यंत्र होतं, आणि ते मिठावर चालायचं; नीट धुतलं गेलं नाही की मीठ पाण्यात उतरायचं.

"मी रविवारी यायची तेव्हा शनिवारीच शुद्ध पाण्याचा कॅन भरून ठेवायची, मामा."

"मला कुठे ठाऊक? पोरगी रविवारी वाट बघते म्हणालीस. म्हटलं, तेवढं आपण करू."

तिला रागवायचं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. सहाही रविवार ती लेकीला कुशीत घेऊन दुपारभर झोपली होती. सर्दी आणखी एक दिवस टिकली असती तर सही होऊन गेली असती. मग कारखान्यातली माणसं आम्लाच्या वाफेत खोकत मेलेले पत्रे उपसत बसली असती.

चार वाजता तिने सही न करताच कागद साहेबांपुढे ठेवला. "पुन्हा पहिल्या थरापासून," ती म्हणाली. मग घरी फोन लावला.

"पिल्लू, आता रविवारी आई कामावर."

"किती रविवार?"

मामा मान खाली घालून ब्रश धूत होते. पाच महिने ती लेप टिकावा म्हणून जीव टाकत होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, लवकर मरावा.

"बघू," ती म्हणाली.