कँटीनची हवा

साल चौऱ्याऐंशीचं. अंबडच्या एका रेक्झिनच्या कारखान्यात सकाळपासून नुसती धावपळ चालली होती. हवा मोजायला सरकारी पथक येणार होतं! प्लास्टिक मऊ व्हावं म्हणून त्यात एक रसायन घालतात. कामगार त्याला नुसतं ‘तेल’ म्हणत. मिक्सरचं झाकण उघडलं की गरम तेलाची वाफ थेट तोंडावर येई, आणि त्या मिक्सरवर सहादू वर्षानुवर्षं उभा होता.

पथकातल्या बाईंनी प्रत्येकाच्या पट्ट्याला छोटा पंप लावला, त्याची नळी कॉलरला अडकवली. “तुम्ही नाकात घेता तीच हवा यात जाईल. पाळी संपेपर्यंत काढू नका,” असं बजावून त्या पुढच्या शेडमध्ये गेल्या.

त्यांची पाठ वळताच युनियनचा पुढारी कोंडाजी मिक्सरपाशी आला. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा.

“सहादू, काढ ते. आकडा जास्त आला तर कारखान्याला कुलूप लागंल. मग पोरांना काय घालशील?”

“आन् बाईंनी पाह्यलं तर?”

“त्या यायच्या आत परत घाल.”

सगळे पंप कँटीनच्या खुंट्यांवर, खिडकीच्या वाऱ्याला टांगले गेले. कामगारांच्या स्वतःच्या हातांनी! अहवाल आला, हवा स्वच्छ. मॅनेजरनं पेढे वाटले. मिक्सरवर वाफ ओढणारा पंखा बसायचा होता, तो रद्द झाला. कोंडाजीनंही पेढा खाल्ला.

पावसाळा सरला आणि एके दिवशी सहादू एकाच चपलेनं घरी आला. दुसरी वाटेत कुठं निसटली, त्याला ठाऊक नव्हतं. तळव्यात काच रुतून रक्त वाहत होतं, तेही त्याची बायको लताबाई किंचाळली तेव्हा त्याला कळलं. डॉक्टर म्हणाले, हातापायांच्या नसा बधिर झाल्यात, तेलाचाच संशय येतो. मॅनेजरनं स्वच्छ हवेचा तो अहवाल पुढे सरकवला आणि सहादूला कामाला अपात्र ठरवून घरी बसवलं.

कोंडाजी समजूत घालायला गेला. “वैनी, नशिबापुढं काय चालतंय...”

“नशिबाला कशाला बोल लावता, भाऊजी?” लताबाई कडाडली. नवऱ्यानं तिला सारं सांगितलं होतं. “यांनी मिक्सरची वाफ खाल्ली, आन् तुम्ही कँटीनची हवा मोजून दिली! उद्या यांच्या जागी दुसरा उभा राहील. त्याचे पाय कोण वाचवणार?”

कोंडाजीला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं पथकाच्या कचेरीत जाऊन सगळं कबूल केलं. पथक पुन्हा आलं. मॅनेजरनं डोळ्यांनी खूण केली, पण कोंडाजी कँटीनच्या दारात आडवा उभा राहिला. “एक बी पंप आत येणार नाय!” आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. आणि कुलूप? ते लागलंच नाही. पंखा लागला!

बंधूंनो, भगिनींनो, मोजणाऱ्यापासून विष लपवलं तर ते आपल्याच अंगात साठतं. खरं मोजू द्या, आणि वेळेवर मोजू द्या.

पंखा सुरू झाला त्या दिवशी मॅनेजरनं पुन्हा पेढे वाटले. कोंडाजी आपला पेढा घेऊन सहादूकडे गेला. सहादू ओट्यावर बसून कारखान्याच्या रस्त्याकडे बघत होता. त्यानं न बघताच हात पुढे केला. कोंडाजीनं पेढा त्याच्या तळहातावर ठेवला. हात तसाच पसरलेला राहिला.

थोड्या वेळानं सहादू म्हणाला, “द्या ना, कोंडाजीभाऊ. कवाचा हात पुढं केलाय.”