पहिला नग

ज्योतीरामने भोकाचा व्यास मोजायचं बोअर गेज ठोकळ्यातून बाहेर काढलं, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत घातलं. तिसऱ्यांदाही काटा तिथेच थांबला. चाळीस मायक्रॉन जास्त.

“किती?” निशिगंधाने विचारलं.

“बघतोय, मॅडम.”

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण उत्तराची घाई करणाऱ्यांतला तो नव्हता. ही मुलगी रॉकेट बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर. एरवी माल न्यायला टेम्पो यायचा. आज ती स्वतः गाडी काढून चाकणच्या या गाळ्यात आली होती. सोबत एक खोकं, खोक्यात ज्योतीरामच्याच वर्कशॉपमध्ये बनलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा. रॉकेटचे पाय ज्या बिजागऱ्यांवर दुमडतात, त्यांतल्या एकीचा. असे चार ठोकळे लावलेलं रॉकेट जानेवारीत आठ किलोमीटर वर जाऊन आपल्या पायांवर परत उतरलं, असं ती सांगत होती. आल्या आल्या म्हणाली होती, “धुवू नका, पुसू नका, आहे तसं मोजा.” तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती.

“बाकीचे तीन कुठायत?”

“त्यांचं नंतर बघू, काका. आधी हा.”

“तुमच्याकडं मोजायला एवढी मोठी मशीन असताना माझ्याकडं आणलात?”

“बनवला तुम्ही. तुमचा नवा माल आम्ही आजवर पुन्हा मोजलाच नाही, तुमच्या रिपोर्टवर घेतला.” तिने बॅग मांडीवर ओढली. “सरळ सांगते. उतरतानाच्या दणक्याने भोक ताणलं असेल, तर दर उड्डाणाला नवे ठोकळे. तीन उड्डाणांचे बारा. ऑर्डर बॅगेतच आहे. ताणलं नसेल, तर हेच पुन्हा वापरायचे. रॉकेट परत आणायला एवढा जीव काढतोय तो त्यासाठीच ना? दर वेळी नवं बनवून समुद्रात टाकणं कुणाला परवडतंय?”

“खरंय,” ज्योतीराम म्हणाला. त्याला स्वतःला मात्र ते फार परवडत होतं. गाड्यांच्या इंजिनांची कामं आटल्यापासून त्याच्या दोन मशीनपैकी एक या ठोकळ्यांवरच चालत होतं. त्या मशीनवर लालमहंमद उभा असायचा. कासारवाडीहून रोज येणारा, बावीस वर्षांपासूनचा सोबती. आत्ताही तो मशीनचं आधीच लख्ख असलेलं दार फडक्याने पुसत होता. कान इकडे होते.

भोक मोठं, म्हणजे ताणलं. म्हणजे बारा. एवढं बोललं की झालं. पण आपल्या सोयीचं उत्तर कुणी घरपोच आणून देतं, याच्यावर ज्योतीरामचा विश्वास नव्हता. हा ठोकळा आपलाच आहे ना? की दुसरीकडून स्वस्तात बनवून घेतला आणि खापर आपल्यावर?

तेवढ्यात निशिगंधाचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत शटरबाहेर गेली. ज्योतीरामने मोबाइलचा टॉर्च लावून ठोकळा फिरवून पाहिला. कडा मारायची पद्धत लालमहंमदची. ठोकळा आपलाच. मग एका कोपऱ्यात, आरपार न गेलेल्या आट्यांच्या भोकात, तळाशी काहीतरी लालसर दिसलं.

अॅल्युमिनियमला असला लाल गंज चढत नाही. त्याने खिशातली दात कोरायची काडी आत घातली, फिरवली, आणि टोक बोटावर चोळलं. तेलात कालवलेलं कुंकू होतं.

या वर्कशॉपची एक रीत होती. कुठल्याही मालाचा पहिला नग मशीनची सेटिंग लागेपर्यंत थोडा इकडेतिकडे जातोच. तो कधी पाठवायचा नाही. त्याला हळद-कुंकू वाहून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायचा, पुढच्या दसऱ्यापर्यंत. कुंकू लागलेला नग म्हणजे न पाठवायचा नग, इतकं ते साधं होतं. दुसरी खूण कधी लागली नव्हती. नंबरसुद्धा कंपनीत गेल्यावर पडायचे.

कुणी हलवला हा फळीवरून? त्याने लालमहंमदकडे पाहिलं, आणि ते पाहणं चांगलं नव्हतं.

“भाई, खंडेनवमीचा माल कुणी पॅक केला होता?”

“तुमीच की, शेठ. मी कुठं होतो? साबियाचं लगीन नव्हतं का त्या हप्त्यात?”

खरंच की. पोरीच्या लग्नाची रजा त्यानेच दिली होती. खंडेनवमीला हत्यारांबरोबर पहिला आणि पाठवायचे चार, असे पाचही ठोकळे त्याने देवापुढे मांडले होते. रॉकेटचं काम म्हणून हौसेने पाचहींना कुंकू लावलं होतं. नंतर टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागल्यावर चार उचलून पुसले आणि खोक्यात भरले. कुठले चार, हे तेव्हा मनातही आलं नाही. सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर तो आपल्याच हातांपाशी येऊन थांबला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने फळीवरचा ठोकळा उतरवला आणि गेज घातलं. काटा शून्यावर. म्हणजे चाळीस मायक्रॉनने हुकलेला पहिला नगच खोक्यातून गेला होता.

लालमहंमद जवळ आला. त्याने दोन ठोकळे पाहिले, ज्योतीरामचं लाल बोट पाहिलं. बावीस वर्षांत त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

“अजून एकदा काडी फिरवली तर साफ होईल,” ज्योतीराम पुटपुटला. “बारा नग, भाई. तुमचं मशीन दिवाळीपर्यंत चालंल.”

लालमहंमदने हातातल्या फडक्याची घडी घातली.

“रिपोर्टवर सही तुमची असती, शेठ,” एवढंच तो म्हणाला.

निशिगंधा आत आली. ज्योतीरामने काडी टेबलावर ठेवली.

“मॅडम, हे ताणलेलं नाही. हा इथूनच चुकीचा गेलाय. पूजेचा नग होता, मी पाठवला. पाठवायचा होता तो हा. रिपोर्टात जे चार लिहिले, त्यातला एक इथंच राहिला.” त्याला तिच्याकडे बघवेना. “दणक्यानं भोकाला काही झालेलं नाही. हा चुकीचा असून उतरला. बाकीचे खुशाल पुन्हा वापरा.”

निशिगंधाने बॅगेतून एक कागद काढून सही केली आणि त्याच्यापुढे सरकवला. नापास मालाची चिठ्ठी. इतक्या वर्षांत त्याच्या नावावर पडलेली पहिली. मजकूर छापलेला होता: एक नग, भोक चाळीस मायक्रॉन जास्त, बनवतानाची चूक. तारीख मंगळवारची होती. आज शुक्रवार.

ज्योतीरामने तारीख दोनदा वाचली. म्हणजे चारही ठोकळे तिकडे आधीच मोजून झाले होते. मग वर पाहिलं. ती शांतपणे फळीवरचा ठोकळा खोक्यात ठेवत होती.

“बारा नाही लागणार, काका. जादा म्हणून दोन पाठवा. रिपोर्ट तुमच्या सहीचाच लावा.”

“आणि हा?”

“नापास माल बनवणाऱ्याकडे परत जातो. नियमच आहे.”

गाडी वळून तळेगाव रस्त्याला लागली. दोन नग म्हणजे दीड दिवसाचं काम, पुढचं पुढे. लालमहंमदने आकाशातून परत आलेला ठोकळा फळीवरच्या रिकाम्या जागी नीट बसवला आणि देवापाशी ठेवलेली डबी उचलली.

“शेठ, कुंकू लावताय ना?”

“नको,” ज्योतीराम म्हणाला. “आहे त्याला.”