सडक्या अंड्यांचा वास

सकाळपासून इंदुबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. वरसे गावातल्या तिच्या घरापुढे गाडी उभी होती आणि ती दर थोड्या वेळाने ओटीवर येऊन गाडीकडे बघून जात होती, जणू नजर काढली तर गाडी पळून जाईल.

गाडी जुनी होती, पूर्वी शाळेतली पोरं नेणारी. नवरा पुंडलिक कंपनीतून रिटायर झाल्यावर त्याने ती घेतली आणि सुताराला हाताशी धरून आत पलंग, छोटा ओटा, पंखा, दिवे असं घर बसवलं. पलंगाखाली लाकडी पेटीत एक वेगळी बॅटरी होती. इंजिनाची बॅटरी गाडी चालू करायची; ही पलंगाखालची गाडी उभी असताना घर चालवायची. दिवाळीपासून निघायचं निघायचं चाललं होतं. कधी टायर, कधी पुंडलिकची कंबर, कधी कुणाचं लग्न. इंदुबाईला आता धीर उरला नव्हता. लग्न झाल्यापासून ती पेण आणि रोहा ह्यांच्या मधेच जात-येत राहिली होती.

ह्या वेळी निमित्त पक्कं होतं. पुंडलिकची थोरली बहीण बायजाबाई पेणजवळच्या खाडीकाठच्या गावाहून मुद्दाम आली होती. मिठागरात उभा जन्म काढलेली ही म्हातारी म्हणाली होती, "एकदा कोल्हापूरची अंबाबाई बघीन, मंग डोळं मिटीन."

"पंखा फिरत नाय," पुंडलिक गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाला. "बॅटरी पार उतरलीय. चार्ज करायला लागंल."

"मंग करा की. जेवून निघायचं हाय."

"पेटीतून भायेर काढतो. काळुराम म्हणाला होता, ही बॅटरी मोकळ्या हवेत चार्ज करा, पेट घेणारा गॅस सुटतो, आत ठेवू नका."

काळुराम म्हणजे पुंडलिकचा दोस्त, पेणजवळ गडब गावात हायवेवर त्याचं बॅटरीचं दुकान होतं. चार्जरही त्याच्याकडूनच मागून आणलेला होता, ट्रकच्या बॅटऱ्यांचा, चांगला दणकट.

इंदुबाईने पलंगाकडे बघितलं. त्यावर तिने कालपासून रचलेलं सगळं होतं: तांदळाची गोणी, गोधड्या, डबे, बायजाबाईचं गाठोडं. "आता हे समदं उतरवायचं? पुन्हा चढवायचं? मंग आज काय निघत नाय आपण. तिथंच लावा. फळी जरा सरकवून तारा आत घाला."

पुंडलिक घुटमळला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याने वाद घातला नाही. पेटीच्या फटीतून हात घालून त्याने चिमटे लावले, वायर खिडकीच्या फटीतून ओटीवरच्या प्लगात नेली, बटण दाबलं. लवकर व्हावं म्हणून चार्जरचा खटका सगळ्यात वर ठेवला. "खिडक्या मातर उघड्या ऱ्हाऊ दे," एवढं सांगून तो हवा भरायच्या पंपाची चौकशी करायला शेजारी गेला.

शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. वाऱ्याबरोबर भुसकट अंगणात येत होतं, खिडक्यांतून गाडीतल्या धुतलेल्या चादरींवर बसत होतं. इंदुबाई चरफडत गाडीत गेली, एकेक खिडकी लावली, दार लोटलं आणि भाकऱ्या बांधायला घरात गेली. खिडक्यांबद्दल काही सांगितलं होतं हे तिच्या मनातच आलं नाही. मनात फक्त निघणं होतं.

भाकऱ्या बांधून झाल्या. चटणीचा डबा तिने दोनदा उघडून पुन्हा लावला. "वन्सं," तिने हाक मारली, "जेवून घेता ना?"

ओटीवर बायजाबाई नव्हती. अंगणात नव्हती. गाडीचं दार मात्र आतून ओढून घेतलेलं दिसलं.

इंदुबाईने दार उघडलं आणि नाकात घाण वास घुसला. सडक्या अंड्यांचा. डोळे चुरचुरले. पलंगाखालून खदखदल्यासारखा आवाज येत होता. आणि समोर, ओट्यावर अंबाबाईचा फोटो उभा करून, बायजाबाई मांडी घालून बसली होती. एका हातात उदबत्त्या, दुसऱ्या हातात काडेपेटी.

"वन्सं, काडी वढू नका!"

"का गो? कसला घाण वास सुटलाय गाडीत. म्हटलं देवीला उदबत्ती लावावी, वासबी जाईल."

काडी काडेपेटीच्या कडेला टेकलेली होती. इंदुबाईने झेप घेतली आणि काडेपेटी हिसकावून घेतली. काड्या खाली सांडल्या. ती नणंदेच्या काखेत हात घालून तिला जवळजवळ उचलूनच बाहेर घेऊन आली. म्हातारी ओरडत होती, पदर सुटला होता, इंदुबाईला त्याचं भान नव्हतं.

तिचा हात वायर उपटायला गाडीकडे वळला, तेवढ्यात शेजारून पुंडलिक धावत आला. "चिमट्याला हात लावू नको! ठिणगी पडंल! आधी ओटीवरचं बटण बंद कर!"

तिने बटण बंद केलं. त्याने बाहेरूनच मागचं दार आणि खिडक्या सताड उघडल्या आणि दोघं खळ्याच्या बांधापर्यंत मागे गेली. बायजाबाईला मधे बसवलं. इंदुबाईने तिचा सुटलेला पदर सारखा केला.

बराच वेळ गेल्यावर पुंडलिकने सामान उतरवलं. बॅटरी कुशीला फुगली होती, अजून गरम होती. त्याने जाड हातमोजे घालून आधी काळा चिमटा काढला, मग लाल. आत उसळलेल्या आम्लाने पेटी काळी पडली होती आणि फटीवरच्या गोधडीला चाळणीसारखी भोकं पडली होती. खायच्या सोड्याचं पाणी ओतताच पेटीतून फेस आला.

"माझंच चुकलं," पुंडलिक म्हणाला. "खटका येवढा वर ठेवायला नको हुता."

"खिडक्या मी लावल्या," इंदुबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "घाई माझी हुती. भुसकटापायी वन्संचा जीव गेला असता."

बायजाबाई दोघांकडे बघत होती. तिला गॅस, ठिणगी काही नीट उमगलं नव्हतं, पण सोड्याचा फेस आणि गोधडीची भोकं तिने बघितली होती. "मी मेले असते तर तू कोल्हापूरला गेली असतीस का गो?"

"काय बोलताव वन्सं!"

"इचारते. फोटो तरी नेला असतास." आणि म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसली. इंदुबाईला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी पुंडलिक पेणहून नवी बॅटरी आणि तिच्या मापाचा चार्जर घेऊन आला. बॅटरी ओटीच्या टोकाला, वाऱ्याच्या जागी, फळीवर चार्जिंगला ठेवली. आसपास चूल नाही, विडी नाही. पुंडलिक मधून मधून हात लावून बघायचा आणि मान डोलवायचा. इंदुबाई गोधडीला ठिगळं लावत बसली होती. उठावं, गाडीत जावं, काहीतरी उचलून ठेवावं असं तिला सारखं वाटत होतं. तरी ती बसून राहिली.

निघाले ते तिसऱ्या दिवशी. कोलाडच्या पुढे पहिला थांबा झाला तशी इंदुबाई उतरली नाही. ती वाकली, पलंगाची फळी सरकवली आणि पेटीत नाक घालून वास घेतला.

"काय नाय गो," पुंडलिक म्हणाला.

"बघू द्या," ती म्हणाली. मग उरलेली खिडकीही तिने उघडली. रस्त्याची धूळ आत आली, नव्या ठिगळांवर बसली. बायजाबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "कोल्हापूर अजून किती लांब?"

"लांब हाय," इंदुबाई म्हणाली. "चहा घेताव?"