एकच मिनिट उरलंय सांगणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे आणि मला हसण्याच्या आवाजाची भीती वाटते. तुम्ही म्हणाल, हे काय भलतेच? घाबरायचे ते अंधाराला, पालीला, फार तर गणिताच्या पेपरला. हसण्याला कोण घाबरते? आधी माझे ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

जाड लाल काच, पत्र्याची टोपी आणि भिंतीला बसायला दोन कान, एवढाच माझा थाट. माझी पहिली नोकरी भांड्यांच्या कारखान्यात होती. तिथे पत्रा दाबून भांडी काढणारे एक अजस्र यंत्र होते आणि त्याच्या डोक्यावर मी. कुणाचा हात आत राहिला किंवा काही अडकले, की मी लागायचो. मी लागलो की यंत्र थांबायचे आणि माणसे हातातले काम टाकून धावत यायची. घरी कुणाचे ऐकू नका, पण या दिव्याचे ऐका, असे तिथला मुकादम नव्या कामगारांना बजावायचा. ते ऐकून माझी काच अभिमानाने आणखी लाल व्हायची.

पुढे तो कारखाना बंद पडला. यंत्रे विकली गेली आणि माझी रवानगी भंगारवाल्याच्या गोणीत झाली. वर गंजलेल्या बिजागऱ्या, खाली फुटके नळ. कुणी गोणी हलवली की आपली काच आता तडकणार, या धास्तीने मी अर्धा व्हायचो.

तिथून मला बाहेर काढले दोन भावंडांनी. मोठ्या बहिणीला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. ती एका लहानशा सभागृहाची व्यवस्था बघायची. तिथे दिवसा शिवणाचे वर्ग भरत आणि शनिवारी संध्याकाळी स्टँडअपचा कार्यक्रम होई. एकेक माणूस माईक घेऊन एकटाच उभा राही आणि नुसत्या बोलण्याने लोकांना हसवी. धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून कलाकारांत त्याचे नाव लिफ्टवाला पडले होते. शनिवारी तोही माईक हातात घ्यायचा. त्यानेच मला घासूनपुसून लखलखीत केले, नवी वायर जोडली आणि रंगमंचाच्या अगदी समोर, मागच्या भिंतीवर बसवले.

माझे नवे काम असे होते. प्रत्येकाला बोलायला ठरलेला वेळ असे. तो संपत आला की सर्वांत मागे बसलेली ताई बटण दाबायची आणि मी लागायचो. म्हणजे एकच मिनिट उरलंय, आवरा आता. प्रेक्षकांची माझ्याकडे पाठ, त्यामुळे मी फक्त बोलणाऱ्याला दिसायचो. दिसलो की त्याने हळूच कानाला हात लावायचा, असा तिथला रिवाज. ताईला कळायचे की निरोप पोचला. कुणी कानाला हात लावला नाही तर ती मला उघडझाप करायला लावायची. तरीही स्वारी हलली नाही, तर माईक बंद. यात ती कुणाचीही भीडभाड ठेवत नसे, आणि भावाची तर मुळीच नाही.

मित्रांनो, तुम्हाला खुर्चीतून दिसतो हसवणारा माणूस. मला भिंतीवरून दिसायची त्याची भीती. एक शिक्षिका यायच्या. अख्खा वर्ग नजरेने गप्प करणाऱ्या त्या बाई, पण इथे त्या आपले पहिलेच वाक्य विसरायच्या. एका केशकर्तनकाराच्या हातातला माईक घामाने निसटायचा. विनोदाला कुणी हसले नाही, की त्या शांततेत माझ्या जुन्या वायरीची गुणगुणसुद्धा ऐकू यायची. रंगमंचावर चढण्याआधी कुणी घास खात नसे. भीतीनेच पोट भरलेले, तिथे अन्न कुठे मावणार? सगळे जण आपले काम उरकले की मागच्या खोलीत जाऊन डबे उघडत.

लिफ्टवाल्याचा हुकमी विषय म्हणजे त्याचे मामा. या मामांना कामाचे नाव काढले की मरण यायचे. पंखा पुसायला सांगा, मामा चालले. बाजारात पाठवा, मामा चालले. मग तो मामांसारखा झोकांड्या खायचा, जीभ जड करून शेवटच्या इच्छा सांगायचा आणि स्टुलावरून घरंगळत खाली पडायचा. लोकांची हसून मुरकुंडी वळायची. ताईने ते असंख्य वेळा पाहिले होते, तरी ती तोंडाला रुमाल लावून हसायची.

लिफ्टवाल्याला लहानपणापासून साखरेचा आजार होता. जेवणाआधी तो इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचा. सुई घेतली की लगेच जेवावे लागते, नाहीतर अंगातली साखर उतरत जाते आणि माणूस जिवाला मुकू शकतो. त्याचा क्रम नेहमी दुसरा. म्हणून तो सुई घेऊन चढायचा आणि उतरला की तडक डब्यावर तुटून पडायचा. हे बरे नव्हे, असे ताई त्याला सांगून थकली होती.

त्या शनिवारी सभागृह खचाखच भरले होते. एका कलाकाराला लवकर निघायचे होते, दुसऱ्याचे बाळ घरी आजारी होते. ताईने एकेकाला पुढे घेतले. मग मागे कुणाला ढकलायचे? अर्थात घरच्या माणसाला. तुझं काय, तू आपलाच आहेस, असे म्हणून तिने भावाला सर्वांत शेवटी टाकले. त्याने सुई आधीच घेतली होती, हे गडबडीत तिच्या लक्षात आले नाही. पण बहिणीपुढे रडगाणे कशाला गायचे, असे त्याला वाटले असावे. तो बोलला नाही, आणि चढण्याआधी घास उतरत नाही म्हणून जेवलाही नाही. माझ्या खालीच भिंतीला टेकून वाट बघत राहिला. त्याचे हात थरथरताना मी पाहिले. इथे सगळ्यांचेच थरथरतात, असे मला वाटले.

शेवटी त्याचा क्रम आला. सुरुवात बरी झाली. मग त्याने एकच वाक्य दोनदा म्हटले. लोक हसले. शब्द एकमेकांत अडकू लागले, पाय वाकडे पडू लागले. लोकांना वाटले मामा आले, आणि हशा वाढला. मी मात्र समोरून पाहत होतो. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. चेहरा पांढराफटक पडला होता. डोळे काहीतरी शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हते. मामांचे सोंग करताना त्याचे डोळे नेहमी मिश्कील असत. हे डोळे घाबरलेले होते.

वेळ संपत आला. ताईने बटण दाबले आणि मी लागलो. त्याचा हात कानाकडे गेला नाही. ताई पुटपुटली की आज याला फारच रंग चढलाय. तिने मला उघडझाप करायला लावली. एकदा, पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी मी जीव ओतून पेटत होतो. मी लागलो की माणसे धावत येतात, हे मला ठाऊक होते. पण इथे एकही मान मागे वळली नाही. सगळे त्याच्याकडे बघून पोट धरून हसत होते. माझ्या आयुष्यात मी एवढा कधीच घाबरलो नाही.

तो कसाबसा स्टुलावर टेकला. माईक ओठांना लागला आणि लहान मुलासारखा आवाज आला.

"ताई, अंधार झालाय. दिवा लाव ना."

सभागृह हशाने दणाणून गेले. मी तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भगभगत होतो.

ताईचा हात बटणावरच गोठला. मग तिची खुर्ची मागच्या मागे पडली आणि ती रांगांमधून धावत सुटली. लोकांनी टाळ्या वाजवून तिला वाट दिली. आता बहीणही सोंगात उतरली, असे त्यांना वाटले. पुढच्या रांगेत एका चष्मेवाल्याच्या हातात गोड थंड पेयाचा ग्लास होता. तिने तो मागितला. त्याने हसत हसत ग्लास उंच धरला, तिला हुलकावणी दिली. पुन्हा टाळ्या पडल्या. तिने उडी मारून तो हिसकावला, अर्धा सांडला. तोवर भाऊ स्टुलावरून घरंगळला होता. त्याच्या हातून पडलेला माईक उचलून ती म्हणाली, "हे खरं आहे. हसू नका."

त्यावर लोक आणखी जोरात हसले.

मित्रांनो, तो आवाज अजून माझ्या काचेत घुमतो. भावाचे डोके मांडीवर घेऊन ती घोटघोट पाजत होती. निम्मे ओघळून जात होते. तो गिळतोय की नाही ते कळत नव्हते. "गीळ रे बाळा," ती म्हणाली, "थोडंसंच गीळ." माईक चालूच होता. तिचा रडवेला आवाज सगळीकडे पोचला आणि पुढच्या रांगेतले हसू थांबले. मग त्यामागच्या रांगेतले. सर्वांत मागे दोघे-तिघे अजून हसत होते. त्यांना कळायला वेळ लागला.

रुग्णवाहिका आली. त्याला उचलून नेले. लोक खाली मान घालून, कुजबुजत निघून गेले. मला विझवायचे कुणाच्या लक्षात आले नाही. रिकाम्या खुर्च्यांवर लाल उजेड टाकत मी एकटाच पेटून राहिलो. तो आहे की गेला, हे भिंतीवरच्या दिव्याला कोण सांगणार? शिवणाच्या वर्गातल्या बायका आल्या, त्यांनी मला बंद केले आणि उसवलेल्या बाह्यांबद्दल बोलू लागल्या. पुढच्या शनिवारी दार उघडलेच नाही. मी मनाशी नको ते धरून बसलो.

त्यानंतरच्या आठवड्यात मात्र तो आला. उतरलेला चेहरा, पण स्वतःच्या पायांनी. कार्यक्रमाआधीच ताईने त्याला माझ्याखाली बसवून शेवटच्या घासापर्यंत जेवायला लावले. तो कुरकुरला, पण मुकाट्याने जेवला. त्या दिवशी तो नुसता ऐकायला बसला. कार्यक्रम संपल्यावर तो चष्मेवाला ताईपाशी आला.

"मला वाटलं, तुमचा खेळच चाललाय," तो म्हणाला. "म्हणून मी ग्लास वर धरला. तेव्हापासून झोप नाही."

ताईने माझ्याकडे पाहिले. मग भावाकडे.

"मी त्याची सख्खी बहीण," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं होतं."



मित्रांनो, म्हणून मला हसण्याची भीती वाटते. तुम्ही हसणे सोडा, असे मी म्हणणार नाही. मग ही बिचारी माणसे माईकसमोर उभी तरी कुणासाठी राहतील? पोटभर हसा. फक्त ज्याला हसताय, त्याच्या डोळ्यांत अधूनमधून बघत जा. वर्गात सतत गमती करणारा तुमचा मित्र असेल, घरात सगळ्यांना हसवणारा काका असेल. तो एखाद्या दिवशी वेगळा दिसला, तर उठा आणि त्याला विचारा. उगीच विचारले, असे झाले तर फार तर तुमचे हसे होईल. मला फक्त पेटता येते. उठून त्याच्यापर्यंत जाणे माझ्या हातात नाही, ते तुमच्या पायांत आहे.