तीन रिसॉर्टं आणि एक बदक

आता ह्या निरीक्षकाचं काय सांगावं! वजनमाप खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस. खिशात कायम तीन वस्तू: पोलादी टेप, शिशाची सिलं आणि ती दाबायची पक्कड. बायकोच्या सख्ख्या भावानं हौसेनं दुकान काढलं, फीत कापली, आणि पाचव्या मिनिटाला ह्यानं त्याच्या काट्याला सील ठोकलं. का, तर काटा दोन ग्रॅम कमी दाखवत होता. मेहुणा त्या दिवसापासून बोलत नाही. "माप म्हणजे माप," एवढंच ह्याचं म्हणणं. घरी चहासुद्धा तो कपातली रेघ बघून घेई.

अशा माणसाच्या पोटी मुलगी आली ती जन्मतःच एवढीशी, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. हिला सव्वाचार वर्षांची असताना कुणाच्या तरी घरी एक फोटो दिसला. लांबच्या एका मोठ्या मनोरंजन बागेतला होता तो. लाकडाचं पिवळं बदक, त्याच्या पाठीवर बसायला जागा, आणि ते पाण्यातून मान डोलवत एका ठेंगण्या बोगद्यात शिरतं. बोगद्याच्या तोंडाशी पाटी होती: उंची एकशे वीस सेंटिमीटरपर्यंतच. मुंगी तेव्हा एकशे चार होती. तिनं तो फोटो मागून आणला, टेबलाच्या खणात ठेवला आणि बापाला विचारलं, "बाबा, मला ह्या बदकात बसायचंय. जायचं?"

"जायचं म्हणजे काय, जायचंच," निरीक्षक म्हणाला. "फक्त राहायचं कुठं ते आधी नीट बघू."

त्या 'नीट'नं पावणेतीन वर्षं खाल्ली.

बागेच्या दाराशी कुटुंबांसाठी तीन रिसॉर्टं होती. एक किल्ल्यासारखं, एक जहाजासारखं, एक जंगलासारखं. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून एकावर बोट ठेवून मोकळा झाला असता. ह्यानं तक्ता केला. सुरुवातीला त्यात बारा रकाने होते. उशी दाबून सोडली की किती सेकंदांत फुगते. नळाला गरम पाणी किती वेळात येतं. रिसेप्शनवरचा आवाज कितपत गोड. मग रकान्यांना रकाने फुटत गेले आणि ते चौऱ्याण्णव झाले. पडदा ओढताना होणारा आवाज, हा एकोणसत्तरावा.

सगळं घोडं अडलं ते सातव्या रकान्याशी. 'लिफ्टपासून खोलीपर्यंतचं अंतर.' साध्या माणसानं मीटरमध्ये मोजलं असतं. पण ह्याचं म्हणणं, रिसॉर्ट मुलांसाठी, तर मापही मुलाचंच हवं. म्हणून ह्यानं मुंगीला चालायला लावलं, तिचं पाऊल मोजलं आणि तेवढ्या लांबीच्या सुतळीचे तीन तुकडे तिन्ही रिसॉर्टांना पोस्टानं पाठवले. सोबत पत्र: कृपया सुतळी दोन्ही घोट्यांना बांधून लिफ्टपासून खोलीपर्यंत चालावे व पावले कळवावीत.

आणि बघा, त्यांनी कळवली! किल्ल्याची अठ्ठावन्न, जहाजाची एकसष्ट, जंगलाची पंचावन्न.

सहा महिन्यांनी खात्री करावी म्हणून ह्यानं पुन्हा सुतळ्या पाठवल्या. मधल्या काळात मुंगीचं पाऊल लांबलेलं, म्हणून सुतळीही लांबली. आकडे अर्थातच कमी आले. निरीक्षकाच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यानं किल्ल्याच्या मॅनेजरला फोन लावला.

"खरं सांगा. लिफ्ट सरकवलीत ना?"

"शपथेवर सांगतो साहेब, लिफ्ट आहे तिथंच आहे!"

"मग खोली सरकवली असेल."

अहो, माप घेणाऱ्यालाच कळेना की माप वाढतंय! सगळ्या जगाचे काटे तपासणारा माणूस, घरातला एवढा मोठा काटा सरकतोय ते दिसेना. बरं, दिसत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तो मुंगीला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करी, पेन्सिलीनं रेघ मारी आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवी. एकशे आठ. एकशे तेरा पूर्णांक दोन. आकडा वाचायचा, खूश व्हायचं आणि परत तक्त्याकडे वळायचं.

गेल्या महिन्यात आकडा निघाला एकशे एकोणीस पूर्णांक आठ. तेव्हा मुंगीची आई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"अहो, दोन मिलिमीटर राहिले. कळतंय का काही? पोरगी पावणेतीन वर्षं त्या बदकाची वाट बघतेय."

"अगं, फक्त चौऱ्याण्णवावा रकाना राहिलाय. एक तारखेच्या आत निकाल. शब्द दिला."

एक तारीख रविवारी आली. सकाळी मुंगी आपण होऊन चौकटीशी जाऊन उभी राहिली, टाचा अगदी घट्ट टेकवून. निरीक्षकानं रेघ मारली, टेप लावली आणि आकडा मोठ्यानं वाचायचा राहूनच गेला. एकशे वीस पूर्णांक चार.

त्यानं टेप पुन्हा लावली. टेप काय बदलणार? आकडा लिहिल्याशिवाय राहवेना, पण लिहिला तो एवढा बारीक, की चौकटीवरून खरीच मुंगी चालतेय असं वाटावं.

"किती भरली?" आतून बायकोनं विचारलं.

"चहा झाला का?" हा म्हणाला.

मुंगी चौकटीवरच्या त्या बारीक आकड्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि चित्रं काढायला गेली. ह्याला मात्र स्वतःचीच लाज वाटत होती, इतकी की खिशातली टेपसुद्धा जड लागायला लागली. पावणेतीन वर्षं! पोरीनं एकच गोष्ट मागितली होती.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात तीन माणसं उभी. एकाच्या डोक्यावर मुकुट, एकाच्या डोक्यावर कप्तानाची टोपी, आणि तिसऱ्याला शेपूट. घोट्यांना तिघांच्याही सुतळ्या.

"आम्ही मॅनेजर," मुकुटवाला म्हणाला. "निकाल घ्यायला आलोय. आता सहन होत नाही."

तिघं छोटी छोटी पावलं टाकत आत आले. शेपूटवाल्यानं शेपूट बाजूला घेतलं, मग बसला. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून कुणीही कपाळाला हात लावला असता. तिन्ही रिसॉर्टांत म्हणे आता दुसरं कामच उरलं नव्हतं. नोकरमाणसं दिवसभर उशा दाबत आणि सेकंद मोजत. कप्तानानं गोड आवाजासाठी रिसेप्शनवर गाण्याचा क्लास चालू केला होता, त्यामुळे फोन उचलायला कुणी नव्हतं. पाहुणे लिफ्टशी ताटकळत, कारण कॉरिडॉरमध्ये सुतळी बांधलेल्यांची रांग. आणि एवढं करून पहिला नंबर कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चौऱ्याण्णवावा रकाना राहिलाय," निरीक्षक चाचरत म्हणाला. "पहाटे जाग आल्यावर आपण कुठं आहोत हे कळायला लागणारा वेळ."

"तो इथल्या इथं मोजता येईल," कप्तान म्हणाला आणि सोफ्यावर आडवा झाला. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाला, "लगेच कळलं. तुमच्या घरी आहे. साहेब, ही उशी मोजलीय का हो कधी? फार छान फुगते."

झालं! ह्या एका वाक्यानं तक्त्याला चौथी ओळ फुटली: घर. चौघं पुरुष टेप आणि घड्याळ घेऊन घरभर फिरायला लागले. गरम पाणी अकरा सेकंदांत. पडद्याचा आवाज नाही, कारण पडदा धुवायला काढलेला. लिफ्टपासून खोलीपर्यंतची पावलं शून्य, कारण घर तळमजल्यावर आणि लिफ्टच नाही. रिसेप्शनवरच्या गोड आवाजाचे गुण तेवढे गेले, कारण शेपूटवाल्यानं बेल वाजवून बघितली तेव्हा मुंगीची आई लाटणं हातात घेऊन "आता काय?" म्हणत बाहेर आली होती. तरी बेरीज झाली तेव्हा चौऱ्याण्णवांपैकी एकाहत्तर रकान्यांत घर पहिलं होतं.

तिघांची तोंडं पडली. मग मुकुटवाल्यानं घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "इथं एखादी खोली मिळेल का? चार दिवस. नऊ वर्षांत सुट्टी घेतली नाही हो मी."

"मीही येतो," कप्तान सोफ्यावरूनच म्हणाला.

निरीक्षकाला काय आनंद झाला म्हणून सांगू! ह्यातून सुटायची वाटच सापडली होती. घर पहिलं आलं, म्हणजे सुट्टी घरीच. म्हणजे बाग नाही, पाटी नाही आणि मुलीला कुणी पट्टीशी उभं करणार नाही. ते चार मिलिमीटर कुणाला कळायचेच नाहीत. त्यानं घाईघाईनं मुंगीला हाक मारली.

"मुंगे, निकाल लागला! सगळ्यांत छान आपलंच घर. आपण सुट्टी इथंच घालवायची. कशी वाटते कल्पना?"

मुंगीनं बापाकडे बघितलं, मग त्या तिघांकडे बघितलं. "बरं, बाबा," ती म्हणाली. टेबलावर काढून ठेवलेला बदकाचा फोटो तिनं उचलला आणि खणात ठेवून खण अगदी सावकाश बंद केला. आदळला असता तर बरं वाटलं असतं ह्याला.

तोवर आईच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. तिनं लाटणं टेबलावर ठेवलं.

"झालं मोजून? आता ऐका. किल्ला नको, जहाज नको, जंगल नको. कुठं राहायचंच नाही. आत्ताच्या बसनं जायचं, बदकात बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पावणेतीन वर्षांपूर्वीच जमलं असतं हे. आणि तुम्ही तिघं, राहायचं तर राहा. भांडी घासून ठेवा आणि किल्ली पायपुसण्याखाली."

"सकाळचा चहा किती वाजता मिळतो?" मुकुटवाल्यानं विचारलं.

"तुम्ही कराल तेव्हा."

बसमध्ये तीन तास निरीक्षक खिडकीबाहेर बघत बसला. सांगावं का? दहा वेळा तोंडाशी आलं. पण मुंगी फोटो मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या आईनं तिच्या वेण्या नव्यानं घातल्या होत्या. दारातून परत फिरावं लागलं तर पोरगी रडेल, आणि त्या रडण्याला कारण आपण, दुसरं कुणी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बदकाजवळ फारशी गर्दी नव्हती. फाटकाशी एक पोक्त बाई शिट्टी गळ्यात अडकवून स्टुलावर बसली होती. शेजारी लाकडी पट्टी उभी, तिच्यावर एकशे विसाला लाल रेघ आणि रेघेशी आडवी दांडी.

"ये गं बाळ, दांडीखाली उभी राहा. दांडी लागली नाही की आत."

मुंगी चपला काढून उभी राहिली. निरीक्षकानं डोळे मिटायचं ठरवलं होतं, पण बावीस वर्षांची सवय, डोळे कसले मिटतात! दांडी डोक्याला लागली नाही. मधून चांगली बोटभर फट दिसत होती.

त्याला कळेना. टेप खोटं बोलत नाही. मग नजर खाली गेली आणि सगळा उलगडा झाला. पट्टी उभी होती एका फळीवर, आणि मूल उभं राहत होतं जमिनीवर. फळीची जाडी दोन सेंटिमीटर तरी असेल. किती वर्षं हे खोटं माप इथं चाललं होतं, कोण जाणे. त्याचा हात आपोआप खिशात गेला. बोटांना पक्कड लागली, सील लागलं. फीत कापून उभ्या असलेल्या मेहुण्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं.

मुंगीनंही खाली बघितलं. शेवटी पोरगी कुणाची!

"बाबा," ती म्हणाली, "पट्टी फळीवर उभी आहे."

"काय म्हणतेय ती?" बाईनं विचारलं.

बायको ह्याच्याकडे बघायला लागली. तिला त्या खिशातल्या हाताचा अर्थ बरोबर माहीत होता. तिचा चेहरा उतरला.

निरीक्षकानं हात खिशातून बाहेर काढला. रिकामा.

"काही नाही," तो म्हणाला. "माप बरोबर आहे. बस, बेटा."

"बोगद्यात मान खाली घाल हं," बाईनं सांगितलं आणि शिट्टी वाजवली.

बदक मान डोलवत निघालं आणि बोगद्यात शिरलं. निरीक्षक कठड्याला धरून उभा राहिला. बायको त्याच्या दंडाला धरून शेजारी उभी राहिली. बोगद्यातून रेकॉर्डवरच्या बदकांचा कलकलाट ऐकू आला आणि त्यात मुंगीचं हसणं, एवढं मोठं, की स्टुलावरची बाईसुद्धा वळून बघायला लागली.

बदक बाहेर आलं. मुंगी उडी मारून उतरली आणि धावत येऊन बापाच्या कमरेला बिलगली. मग त्याला खाली वाकायची खूण करून तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, काळजी करू नका. मी मान खाली घातली होती," ती म्हणाली. "बरोबर चार मिलिमीटर."