लोकवस्ती शून्य

सलग तिसऱ्या मंगळवारी नर्स आली नाही, तेव्हा माझ्या बापाने पायाची पट्टी स्वतःच सोडली आणि स्वतःच पुन्हा बांधली. मी दारात उभा होतो. वास मला तिथपर्यंत आला.

"पप्पा, आज टाऊनला जाऊ या. इस्पितळात."

"व्हर्लीन येईल. पोरगी शब्दाची पक्की आहे."

बाप माझा कोळी. सिल्बर लारोंद म्हटलं की वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर कुणीही घर दाखवील. अंगात साखर, आणि दोन महिन्यांपूर्वी होडी ओढताना टाचेत गंजका गळ घुसलेला. नर्स व्हर्लीन दर मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत बसायची, जखम धुवायची, औषध लावायची, आणि पप्पांनी रम घेतली असेल तर त्यांना झापायची. जखम भरत आली होती. मग ती येईनाशी झाली.

मी आमच्या गोमिये गावापासून टाऊनपर्यंत मिनीबस चालवतो. आमचा देश म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड तासाचा रस्ता, मध्ये डोंगर. त्या दिवशी पोस्टासमोर मला व्हर्लीन दिसली. मी गाडी मध्येच उभी केली. मागच्याने हॉर्न मारला, त्याला म्हटलं, थांब जरा, मरत नाहीस.

"काय गं, गोमियेवर रुसलीस का?"

"रुसायला काय झालं! माझ्या यादीतून गोमियेचं नावच उडालंय, डेल्टन. गाडी देत नाहीत, औषधं देत नाहीत. मी वर विचारलं, तर म्हणाले, तिथे कोणी राहत नाही."

"कोणी राहत नाही? मग मी रोज सकाळी गाडीत काय भुतं भरून आणतो?"

ती हसली नाही. "मला नको सांगूस. मी दोन अर्ज दिलेत. सिल्बरकाकांचा पाय कसा आहे?"

मी सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "आत्ताच्या आत्ता घेऊन ये त्यांना," ती म्हणाली.

त्याच दुपारी आणलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने पट्टी सोडून जखम नीट पाहिली. मग मला बाहेर नेऊन म्हणाला, दहा दिवस आधी आणला असतात तर पाय वाचला असता. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली कापला.

आता हे शून्य कुठून आलं ते सांगतो. मागच्या वर्षी वादळ आलं तेव्हा ओढ्यावरचा पूल वाहून गेला, निम्मी छपरं उडाली. सरकारने आम्हा सगळ्यांना टाऊनच्या शाळेत हलवलं. सात आठवडे आम्ही बाकांवर झोपलो. नेमकी त्याच दिवसांत जनगणना चालू होती. मोजणीवाली बाई ओढ्यापर्यंत आली, पूल नाही, पलीकडे माणूस नाही, तिने कागदावर शून्य लिहिलं. तिचं काही चुकलं नाही. शाळेत आम्हाला कुणी मोजलं नाही, कारण शाळा म्हणजे काही राहतं घर नव्हे. तेही नियमानेच. मग आम्ही परतलो, छपरं घातली, पूल आमचा आम्ही लाकडाचा बांधला, होड्या पाण्यात ढकलल्या. दोनशे बारा माणसं. कागदावर मात्र एकही नाही.

पप्पांना घरी आणलं त्या संध्याकाळी फेमीबाई आल्या. यूफेमिया हिप्पोलिट. गोमियेच्या शाळेत त्यांनी एकोणचाळीस वर्षं शिकवलं. मला शिकवलं, माझ्या आईला शिकवलं. चौऱ्याहत्तर वय, पाठ ताठ. त्यांनी पप्पांच्या पांघरुणाकडे पाहिलं, जिथे पायाचा उंचवटा असायला हवा होता तिथे, आणि विचारलं, "नर्स का आली नाही?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "उद्या पहिल्या फेरीला माझी जागा धर. पुढची."

सकाळी त्या चर्चची निळी टोपी घालून आल्या. सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जमीन खात्याची कचेरी; गावांच्या याद्या तिथूनच बाकीच्या खात्यांना जातात. बाईंनी दारातून मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि आतल्या पाचही जणांनी उलट म्हणेपर्यंत त्या पाऊल टाकेनात. खिडकीवर जसिंथा होती, माझ्या मावसभावाची बायको. आमच्याकडे असं एकही ऑफिस नाही जिथे आपलं कुणी बसलेलं नाही. तरीही काम होत नाही, ही गोष्ट वेगळी.

"जसिंथा, गोमियेत किती माणसं राहतात?" बाईंनी विचारलं.

"बाई, तुम्हाला माहीतच आहे."

"मला माहीत आहे. तुझ्या कागदाला माहीत आहे का, ते बघ."

जसिंथाने मान खाली घातली. "कागदावर नाहीत, बाई. दुरुस्तीसाठी अर्ज लागतो. त्याला गावच्या पंचांचा दाखला जोडायचा."

"मग घेते पंचांकडून."

"पंचायत बरखास्त झालीय. गावात मतदार नाहीत म्हणून."

"म्हणजे गावात माणसं आहेत हे सिद्ध करायला पंच हवेत, आणि माणसं नाहीत म्हणून पंच नाहीत?"

"मी नियम केले नाहीत हो बाई," जसिंथा रडवेली झाली.

बाईंचं लक्ष तिच्यामागच्या भिंतीकडे गेलं. तिथे देशाचा नवा मोठा नकाशा टांगला होता, चकचकीत. टाऊन होतं, बंदर होतं, विमानतळ होता. वाऱ्याकडची बाजू मात्र सगळी हिरवीगार, आणि आमच्या खाडीवर एक छोटीशी पिवळी छत्री काढलेली. बाई खिडकीच्या बाजूचं फळकूट उचलून सरळ आत गेल्या. कुणाची अडवायची छाती झाली नाही. त्यांनी त्या छत्रीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"हॉटेल," जसिंथा हळूच म्हणाली. "व्हायचंय अजून. परदेशातली माणसं आलीत. गुरुवारी तीन वाजता टाऊन हॉलमध्ये मंत्री त्यांना आराखडा दाखवणार आहेत. रेडिओवरही आहे." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "सभा सगळ्यांना खुली असते, बाई. हरकत असेल त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तसा कायदा आहे."

परत येताना डोंगराच्या माथ्यावर गाडी पोचली आणि खाली आमची खाडी दिसायला लागली, तेव्हा म्हणाल्या, "थांबव." खाली धूर दिसत होता, कुणाच्या तरी अंगणात नीरफणस भाजायला घातलेला. दोरीवर कपडे वाळत होते.

"डोळे फुटले होते का यांचे?" बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असलं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

गुरुवारी मी टाऊनला चार फेऱ्या मारल्या. गावातल्या एग्बर्टने केळी वाहायचा ट्रक काढला. काही जण होड्यांनी टोकाला वळसा घालून बंदरात आले. पंचवीस जण मागे राहिले: अगदी म्हातारे, तान्ह्या पोरांच्या आया, आणि फिल्बर, कारण त्याची डुकरीण व्यायला आली होती. बाकीचे एकशे सत्त्याऐंशी जण रविवारच्या कपड्यांत हॉलच्या मागच्या बाजूला उभे राहिलो, कारण पुढच्या खुर्च्यांवर पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. पप्पांना मी आणि एग्बर्टने खुर्चीसकट उचलून आत आणलं.

जमीन खात्याचा मंत्री म्हणजे मर्विन पोलियस. हेही सांगायला हवं की तो आमचाच. आजीजवळ गोमियेत वाढला, दहा वर्षांचा होईपर्यंत फेमीबाईंच्या हाताखाली शिकला. पडद्यावर तोच नकाशा होता. मर्विन गोड आवाजात म्हणाला, "हा आपल्या देशाचा अस्पर्श, निर्मनुष्य किनारा."

मागून कुणीतरी म्हणालं, "निर्मनुष्य तुझा बाप!"

"कोण बोललं ते?" फेमीबाई मागे वळल्या. "शिवी नको." आणि मग त्या मधल्या वाटेने पुढे चालत गेल्या. "गुड आफ्टरनून, मर्विन."

त्याने काय करावं? रेडिओ चालू. "गुड आफ्टरनून, बाई," तो म्हणाला. "आमच्या सगळ्यांच्या लाडक्या शिक्षिका," असं पाहुण्यांना सांगितलं आणि हसला. "बाई, तुमचं निवेदन जरूर द्या, माझा सचिव घेईल."

"निवेदन नाही. हरकत आहे. कायद्याने तुला ऐकावी लागते." त्यांनी पिशवीतून शाळेची वही काढली, चष्मा लावला आणि वर्गात हजेरी घ्यायच्या त्याच आवाजात सुरू केलं. "अगाथा ऑगस्टिन!"

"हजर, बाई!" मागून अगाथा म्हणाली. साठीची बाई, पण आवाज पहिलीतल्या मुलीचा.

"ॲम्ब्रोज ऑगस्टिन!"

"हजर!"

"बाई, वेळेचं जरा..." मर्विन म्हणाला.

"हजेरी चालू असताना मध्ये बोलायचं नाही," बाईंनी वर न बघता सांगितलं, आणि अख्खा हॉल हसला, पुढचे टाऊनवालेसुद्धा. त्या हशाने मर्विनचे कान लाल झाले ते मी पाहिलं.

नावं चालू राहिली. एग्बर्ट, इव्हॉन, तिच्या तिन्ही मुली. साठेक नावं झाली असतील तेव्हा रेडिओवाल्याने वायर काढली. गावातल्या दुकानात कान लावून बसलेल्यांनी नंतर सांगितलं की मध्येच गाणी लागली आणि तांत्रिक बिघाड झाला म्हणाले. बिघाड कसला? मी त्या माणसाचा हात पाहिला. बाईंनीही पाहिला. त्यांनी फक्त आवाज चढवला.

"सिल्बर लारोंद!"

पप्पांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन एका पायावर उभं राहायचा प्रयत्न केला. मी धरायला गेलो तर मला ढकललं. उभे राहिले. "हजर," म्हणाले.

पाहुण्यांतली एक बाई उठून बाहेर गेली.

हजेरी संपल्यावर मर्विन खाली उतरला, हात पसरून, कॅमेरेवाला मागोमाग. त्याला बाईंना मिठी मारायची होती. बाईंनी वही छातीशी धरून त्याला हातभर लांब ठेवलं.

"मर्विन, नर्सच्या यादीतून गोमिये काढायच्या कागदावर सही कुणाची?"

"बाई, माझ्याकडे रोज शेकडो कागद येतात. खालून जे येतं त्यावर..."

"तुझी आजी त्या खाडीवर पुरलीय. तिला मूठमाती द्यायला तू आला होतास. तुझ्या शेजारी हा सिल्बर उभा होता, खड्डा त्यानेच खणला होता. आणि तुला ठाऊक नव्हतं तिथे माणसं राहतात?"

तो कॅमेरेवाल्याकडे बघायला लागला. मला आजही सगळ्यात जास्त राग याचाच येतो. एखाद्या परक्याने ते शून्य खरं मानलं असतं तर समजलो असतो. याने आमच्या अंगणातले आंबे खाल्ले होते.

"बस खाली," बाई म्हणाल्या, आणि बाहेर निघाल्या. आम्हीही त्यांच्या मागोमाग निघालो.

पुढे काय झालं म्हणाल तर थोडं झालं. दोन दिवस टाऊनमध्ये दुसरा विषय नव्हता, भाजीवाल्या बायका मर्विनच्या गाडीला "हजर!" असं ओरडायच्या. हॉटेलवाले परत गेले. आराखडा "पुढे ढकलला" म्हणाले, रद्द झाला असं कुणी म्हटलं नाही. नकाशावर आमचं नाव आलं, स्पेलिंग चुकवून. व्हर्लीन परत येऊ लागली, आता एकाआड एक मंगळवारी. निवडणूक झाली, मर्विन पुन्हा निवडून आला, त्याच खात्याचा मंत्री झाला. आमच्यातल्याही काहींनी त्याला मत दिलं. का दिलं म्हणून विचारलं तर म्हणतात, शेवटी आपलाच आहे. मी अशांशी भांडणं केलीत, एकाला गाडीतून उतरवलंय.

आणि फेरमोजणी झाली. मोजणीवाली तीच बाई होती, जिने शून्य लिहिलं होतं. आमच्या दारात आली तेव्हा ओशाळलेली दिसत होती. पप्पा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. तिने नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा लिहिला. मग पायाकडे न बघता विचारलं, "अपंगत्वाचं कारण? जन्मजात, आजार की अपघात?"

"सरकार," पप्पा म्हणाले.

"काका, तसा रकाना नाही."

"मग काढ."

"माझ्या हातात नाही हो. तीनच आहेत."

"आजार मला सतरा वर्षं होता, पाय जागेवर होता. अपघात झाला, त्यावरही पाय जागेवर होता. तू सांग, मग कशाने गेला?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. मी तिला पाणी दिलं. ती ते प्यायली, आणि शेवटी तिने "आजार" वर खूण केली, कारण काहीतरी करायलाच हवं होतं आणि तिला अजून अठरा घरं उरली होती. मला ते दिसलं, पप्पांनाही दिसलं. पप्पांनी जाळं बाजूला ठेवलं, कुबडी ओढली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ती बाई मला म्हणाली, "मी काय करू, सांगा ना?" मी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "तिथे सात जण राहतात. नीट मोजा."